इंग्रजी शब्द चुकला तर काय बिघडते?

गुरुग्रामच्या एखाद्या उंच इमारतीतले मराठी घर डोळ्यांसमोर आणा. शेजारी पंजाबी, समोर बंगाली, खाली हरियाणवी; घरात मात्र सकाळी कांदेपोहे आणि संध्याकाळी वरणभात. वडील एका परदेशी कंपनीच्या कार्यालयात, मुलगी इंग्रजी शाळेत नववीत, आणि आई साताऱ्याच्या मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. रात्री जेवणे आटोपल्यावर आई वर्गशिक्षिकेला मोबाइलवर चार ओळी लिहायला बसते. गावी भाच्याचे लग्न आहे. मुलीची तोंडी परीक्षा दोन दिवस अलीकडे घेता येईल का, एवढेच विचारायचे आहे. ती लिहिते, परीक्षा 'प्रीपोन' करावी. मुलगी खांद्यावरून डोकावते आणि कपाळावर हात मारते.

"आई, अगं प्रीपोन असा शब्दच नाही! बाई हसतील. नको पाठवूस, दे, मी लिहिते."

आई मुकाट्याने मोबाइल तिच्या हातात देते. वाद घालत नाही. पण पुढच्या पालकसभेत ती मागच्या बाकावर बसते आणि मुलीच्या गणिताबद्दल जे विचारायचे ठरवून आलेली असते, ते न विचारताच घरी परतते.

असा प्रसंग गुरुग्रामलाच घडतो असे नाही. पुण्यात, नागपुरात, ठाण्यातही तो घरोघरी घडतो. म्हणूनच प्रश्न पडतो, की इंग्रजी शब्द चुकला तर नेमके काय बिघडते? आणि जो शब्द चूक म्हणून दाखवला जातो, तो खरोखर चूक असतो का?

आईचा शब्द आणि वडिलांचा शब्द

गंमत अशी, की त्या रात्री आईचे बरोबर होते. 'प्रीपोन' हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात आहे. 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणे, तर 'प्रीपोन' म्हणजे अलीकडे आणणे. हा शब्द भारतीयांनीच अज्ञानातून बनवला असे पुष्कळजण मानतात. परंतु १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका पत्रात पत्रलेखकाने, धावपळीच्या या काळात 'पोस्टपोन'ला असा एक जोडीदार हवा, असे म्हणून हाच शब्द सुचवला होता. अमेरिकेने तो उचलला नाही, भारताने मात्र तो रोजच्या वापरात आणला. ज्याला 'पोस्टपोन' कळते त्याला 'प्रीपोन'ही न सांगता कळतो. मग त्यात बिघडले काय?

आता त्याच घरातल्या वडिलांकडे वळू. त्यांचे इंग्रजी घरात सर्वांत चांगले समजले जाते. समजा, त्यांनी कंपनीच्या परदेशातील सहकाऱ्याला नव्या दरपत्रकाबद्दल पत्र पाठवले आणि शेवटी नेहमीच्या सवयीने लिहिले, 'काइंडली रिव्हर्ट'. आपल्याकडच्या कार्यालयांतून 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या, असा अर्थ रूढ झाला आहे. इंग्लंड-अमेरिकेत मात्र 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. सहकाऱ्याने निमूटपणे जुने दर पुन्हा लागू केले, तर दोष कोणाचा? शब्द शब्दकोशातला, स्पेलिंग अचूक, वाक्यही व्याकरणशुद्ध. तरीही नुकसान झालेच.

आईचा शब्द ऐकणाऱ्याला खटकतो, पण अर्थ पोचवतो. वडिलांचा शब्द खटकत नाही, पण भलताच अर्थ पोचवतो. या दोन्हींना आपण सरसकट 'चुकीचे इंग्रजी' म्हणतो आणि हसतो मात्र आईला.

मराठी कानातून आलेले इंग्रजी

आपल्या बहुतेक चुका निष्काळजीपणाच्या नसतात. त्या मातृभाषेच्या वाटेने आलेल्या असतात, हे समजले तर त्या सुधारणेही सोपे जाते.

मराठीत आपण शिक्षकांना 'शंका' विचारतो आणि एखाद्याच्या वागण्याची 'शंका'ही घेतो. एकाच शब्दात प्रश्नही आला आणि अविश्वासही. त्यामुळे सभेत हात वर करून आपण सहज म्हणतो, 'आय हॅव अ डाऊट.' भारतीय वक्त्याला त्यात वावगे वाटत नाही. पण इंग्रज किंवा अमेरिकन माणसाला वाटते, की आपल्या बोलण्यावर याचा विश्वास नाही. तिथे 'क्वेश्चन' हा साधा शब्द वापरला की काम भागते.

'राहणे' हे क्रियापदही तसेच. पाहुणा चार दिवस राहतो आणि आपणही आपल्या घरात राहतो. इंग्रजीत पाहुण्यासाठी 'स्टे' आणि कायमच्या घरासाठी 'लिव्ह' असे दोन शब्द आहेत. 'उसने' या शब्दाचे तर विचारूच नका. उसने घेणे म्हणजे 'बॉरो', उसने देणे म्हणजे 'लेंड'. आपल्याकडे उसने एकच, फक्त घेणे-देणे बदलते. म्हणून मुले हमखास गोंधळतात.

आपला 'च' हा आणखी एक नमुना. 'मी आजच आलो' यातला 'च' इंग्रजीत कुठे ठेवायचा हे न कळल्यामुळे 'आय केम टुडे ओन्ली' असे वाक्य तयार होते. 'मला माहीत आहे' यातला 'आहे' डोक्यात असल्याने 'आय ॲम नोइंग' तोंडून निघते. 'आज सकाळी' म्हणून 'टुडे मॉर्निंग'. एखाद्या विषयाबद्दल चर्चा करायची म्हणून 'डिस्कस अबाउट'. खरे तर 'डिस्कस'मध्ये तो 'बद्दल' आधीच आलेला असतो.

'कझिन ब्रदर' या शब्दावर तर शाळेत हमखास लाल रेघ पडते. पण विचार करा. ज्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि तितक्याच बहिणी आहेत, त्या भाषेच्या माणसाला नुसता 'कझिन' हा शब्द अपुराच वाटणार. भाऊ की बहीण हेसुद्धा जो शब्द सांगत नाही, तो आपल्या लग्नपत्रिकेत कसा पुरावा? तिथे इंग्रजीतली उणीव आपण आपल्या परीने भरून काढली आहे.

या सगळ्यांत 'डाऊट'मुळे गैरसमज होऊ शकतो. 'टुडे मॉर्निंग' किंवा 'कझिन ब्रदर'मुळे होत नाही. पहिला शब्द आधी सुधारावा. बाकीचे परीक्षेच्या पेपरात आणि अर्जात सांभाळावेत. घरीदारी त्यांच्यापायी कोणाला घाबरवू नये.

गुरुग्रामने भरवलेली शाळा

इंग्रजीच्या या शिकवणीसाठी गुरुग्रामइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. या गावाचे नावसुद्धा चूक-बरोबरच्या वादातून सुटलेले नाही. गुरू द्रोणाचार्यांना हे गाव दक्षिणा म्हणून मिळाले अशी आख्यायिका आहे. लोकांच्या तोंडी ते गुडगाव झाले, इंग्रजी स्पेलिंगमधून मराठीत ते गुरगाव म्हणून वाचले गेले, आणि २०१६ साली हरियाणा सरकारने ते अधिकृतपणे गुरुग्राम केले. तरीही रिक्षावाला आणि भाजीवाला अजून गुडगावच म्हणतो आणि प्रवासी नेमका हव्या त्या ठिकाणी पोचतो.

१९८३ च्या डिसेंबरात इथल्या कारखान्यातून पहिली मारुती मोटार बाहेर पडली आणि गावाचे रूप पालटू लागले. पुढे १९९७ साली जीई कॅपिटल या अमेरिकन कंपनीने आपल्या परदेशातील कामकाजासाठी इथे मोठे कार्यालय थाटले. तेच कार्यालय पुढे २००५ साली जेनपॅक्ट या नावाने स्वतंत्र कंपनी झाले. तिच्यासारख्या अनेक कंपन्या पाठोपाठ आल्या. रात्रभर दिवे जळणाऱ्या इमारतींतून देशभरातली मुले-मुली अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या ग्राहकांशी फोनवर बोलू लागली. त्यांत लातूरची, अमरावतीची मुलेही होती.

या नोकऱ्यांसाठी उच्चारांचे वर्ग भरत. आपल्या मराठी 'व'ने 'वाइन' म्हटले, की ऐकणाऱ्याला ती दारू वाटावी की द्राक्षाचा वेल, हे कळत नाही. कारण इंग्रजीत दोन्हींचे पहिले अक्षर आणि उच्चार वेगवेगळे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गोंधळ झाला तर ग्राहकाच्या बिलात पस्तीस डॉलरचा फरक. तेव्हा शहाणे शिक्षक आकडा सुटा सुटा करून सांगायला शिकवत, 'वन फाइव्ह' किंवा 'फाइव्ह झीरो'. हा धडा उपयोगाचाच होता.

पण त्याबरोबर दुसराही एक धडा दिला गेला. कित्येक ठिकाणी मुलांना फोनवर परदेशी नावे धारण करावी लागली. सुनीताची सुझन झाली. आपला उच्चार म्हणजे जणू अंगावरचा डाग, तो पुसल्याशिवाय माणूस स्वच्छ होत नाही, अशी भावना त्यातून काही मुलांच्या मनात बसली. समोरच्याला नीट कळावे म्हणून बोलणे स्पष्ट करणे आणि आपल्या बोलण्याची लाज बाळगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतली कोणती खरी गरजेची, याचे उत्तर गुरुग्रामच्या डोक्यावरून दिवसरात्र जाणाऱ्या विमानांकडे आहे.

जिथे शब्दावर प्राण अवलंबून असतात

दिल्लीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ गुरुग्रामच्या अगदी लगत आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी तिथून सौदी अरेबियाचे एक बोइंग ७४७ विमान ३१२ जणांना घेऊन धाहरानकडे निघाले. त्याच वेळी कझाकस्तानचे एक इल्युशिन विमान ३७ जणांसह दिल्लीकडे उतरत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. समोरून दुसरे विमान येत आहे हेही नियंत्रण कक्षाने कझाक विमानाला कळवले होते. तरीही ते विमान खाली आले आणि हरियाणातल्याच चरखी दादरीच्या शेतांवर आकाशात दोन्ही विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसे गेली. एकही वाचला नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने, कझाक विमान परवानगी नसताना नेमून दिलेली उंची सोडून खाली आले, हे अपघाताचे मूळ कारण ठरवले. विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या कामातला विस्कळीतपणाही आयोगाने नोंदवला. आणि हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये एक कारण होते इंग्रजीचे अपुरे ज्ञान, ज्यामुळे नियंत्रण कक्षाच्या सूचनांचा चुकीचा अर्थ लावला गेला.

त्याआधी २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धावपट्टीवरच दोन प्रचंड विमाने एकमेकांवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले होते. तिथेही एका डच वैमानिकाचे इंग्रजी वाक्य घात करून गेले. 'आम्ही आता टेकऑफवर आहोत' अशा अर्थाचे ते वाक्य. नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी थांबले आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी 'डिपार्चर' म्हणावे, असा दंडक पडला.

चरखी दादरीनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९८ साली इंग्रजीचा प्रश्न अग्रक्रमाने हाती घेतला, २००३ साली नियम केले आणि मार्च २००८ पासून ते लागू झाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकाला आणि नियंत्रकाला इंग्रजी संभाषणाच्या सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी पायरी गाठावीच लागते.

ही चौथी पायरी काय मागते, हे प्रत्येक आईवडिलांनी आणि प्रत्येक इंग्रजी शिक्षकाने समजून घेण्यासारखे आहे. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालेल, मात्र तिच्यामुळे समजण्यात फक्त कधीमधीच अडथळा यावा. व्याकरणात चुका होऊ शकतील, मात्र त्यांमुळे अर्थ सहसा बिघडू नये. गैरसमज झाल्याचे वाटले, तर विचारून, पडताळून तो दूर करता यावा. जिथे एका शब्दावर शेकडो प्राण टांगलेले असतात, तिथेसुद्धा कोणी साहेबासारखे बोलण्याची सक्ती करीत नाही. मागणी एकच, अर्थ चुकता कामा नये.

आणखी एक गोष्ट. विमानाच्या रेडिओवर आकडे म्हणताना 'थ्री'ला 'ट्री', 'फाइव्ह'ला 'फाइफ' आणि 'नाइन'ला 'नायनर' म्हणावे असा आंतरराष्ट्रीय संकेतच आहे, कारण खरखरणाऱ्या आवाजात ते अधिक स्पष्ट ऐकू येतात. ज्या 'ट्री'साठी आपल्याकडे पोराला वर्गात उभे करून हसतात, तो 'ट्री' आकाशात शुद्ध उच्चार ठरतो.

इंग्रजीचा कोतवाल कोण?

मग शुद्ध इंग्रजी ठरवते तरी कोण? फ्रेंच भाषेला तिची अकादमी आहे. इंग्रजीला असा अधिकृत कोतवाल कधीच नव्हता. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा शब्दकोश असो की फाउलरचे १९२६ चे शब्दप्रयोगांवरचे पुस्तक असो, ही सगळी विद्वान माणसांची मते. सरकारी फर्मान नव्हे. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यूअर' आणि न मोजता येणाऱ्यांसाठी 'लेस' हा नियम शाळेत घोकून घेतात. त्याचे मूळ शोधत गेले तर १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने 'मला असे बरे वाटते' इतपतच सुचवलेले आढळते. पुढच्यांनी त्याचा कायदा केला.

शब्दांचे अर्थही एका जागी बसून राहत नाहीत. 'नाइस' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ अडाणी. 'सिली' एके काळी सुखी, पुण्यवान या अर्थाने वापरला जाई. इंग्रजांनी आपले शब्द नेले तेव्हा तरी त्यांनी कुठे अर्थ सांभाळले? अंग चेपण्याच्या 'चांपणे'चे त्यांनी केस धुण्याचे 'शाम्पू' केले. आपल्या जगन्नाथाच्या रथावरून 'जगरनॉट' शब्द बनवला आणि इंग्लंडमध्ये तो अवाढव्य मालमोटारीला लावला. आपल्या मुंगसाचे 'मंगूस' झाले. त्यावर आपल्यापैकी कोणी त्यांना चुकीचे मराठी म्हणून हसले नाही.

उलट शब्दकोशाची दारे आता आपल्यासाठीही उघडली आहेत. विद्यार्थ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या २०२० च्या आवृत्तीत आपली 'चाळ' आणि आपला 'डबा' दोन्ही दाखल झाले आहेत.

याचा अर्थ काहीही लिहिले तरी चालते असा नव्हे. ऐकणारा कोण आणि तो कुठे आहे, हे पाहावे लागते. 'अमुक कॉलेजातून पास आऊट झालो' हे पुण्यात पदवीधराचे वाक्य आहे. अमेरिकेत ते घेरी येऊन पडलेल्या माणसाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात तर इंग्रज आणि अमेरिकन सेनाधिकारीच एका बैठकीत 'टेबल' या क्रियापदावरून भांडले होते. इंग्रजांच्या लेखी त्याचा अर्थ विषय चर्चेला घेणे, अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणे. दोघांनाही एकच हवे होते आणि दोघेही वाद घालत होते, असे चर्चिल यांनी नमूद केले आहे. ज्यांची ती मातृभाषा, त्यांची ही गत!

हसण्याचा हक्क कोणाला?

मराठी माणसाला हा सगळा प्रकार नवा नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. लेखनात एकवाक्यता यावी, एवढाच त्यांचा उद्देश. पण वर्गात काय झाले? 'आनि', 'पानी' म्हणणारे पोर उभे राहिले की हशा पिकू लागला. ते पोर गप्प बसायला शिकले. 'न' आणि 'ण' यांतला फरक त्याला चार दिवसांत शिकवता आला असता. हशाने गेलेला धीर परत आणायला वर्षे लागली. आज जाणती माणसे 'शुद्ध भाषा' न म्हणता 'प्रमाणभाषा' म्हणतात, ते उगाच नव्हे.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले गेल्यापासून आपल्याकडे ते पचवण्याची धडपड चालू आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आज घराघरांत दोन तऱ्हेचे इंग्रजी नांदते, पाचवीनंतर शिकलेल्या आईवडिलांचे आणि बालवर्गापासून शिकलेल्या मुलांचे. मुलांच्या तोंडी इंग्रजी सहज येते, यात आईवडिलांच्या कष्टांचा वाटा आहे, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

मुंबईत १९२४ साली जन्मलेले निसीम इझिकेल हे इंग्रजी भाषेतले मोठे भारतीय कवी. त्यांच्या बेने इस्रायली समाजाची बोली मराठी. मुंबई विद्यापीठात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी भारतीय ढंगाच्या इंग्रजीत, सगळी क्रियापदे चालू काळात घातलेल्या काही कविता लिहिल्या. वाचणारा आधी हसतो. मग त्या बोलणाऱ्या माणसाचा भाबडेपणा, माया जाणवते आणि हसू ओशाळते. चुकीच्या व्याकरणातूनही माणूस पुरता दिसू शकतो, ते ओळखायला ऐकणाऱ्याचे मन जाग्यावर हवे.

घरात काय सांभाळावे?

तेव्हा सगळे शब्द एका तराजूत न तोलता, अर्थ बिघडवणारे शब्द आधी शिकावेत. 'प्रिस्क्राइब' म्हणजे औषध लिहून देणे किंवा नेमून देणे, 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणे. एका स्वराने अर्थ उलटा होतो. 'बायवीकली' या शब्दाचे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा असे दोन्ही अर्थ शब्दकोश देतात. म्हणून औषधाच्या किंवा हप्त्याच्या बाबतीत तो वापरूच नये, किती दिवसांनी ते सरळ विचारून घ्यावे.

डास मारण्याच्या फवाऱ्याच्या डब्यावर किंवा तेलाच्या टँकरवर 'इनफ्लेमेबल' लिहिलेले असते. सुरुवातीचा 'इन' पाहून पुष्कळांना वाटते, की हे पेट घेणारे नाही. खरा अर्थ नेमका उलटा, चटकन पेट घेणारे. शब्द शंभर टक्के शुद्ध, पण घातक. म्हणून अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेने १९२० च्या दशकातच 'फ्लेमेबल' हा सुटसुटीत शब्द वापरावा असा आग्रह धरला. गैरसमज टाळण्यासाठी तिथे शुद्ध शब्दालाच बाजूला सारले गेले.

अर्ज आणि परीक्षा यांसाठी काही जोड्या लक्षात ठेवाव्यात. 'ॲडव्हाइस'मध्ये सी, तो सल्ला. 'ॲडव्हाइझ'मध्ये एस, ते सल्ला देणे. 'लूझ' म्हणजे गमावणे, त्यात एकच ओ. 'लूस' म्हणजे सैल, त्यात दोन. शेवटी पी-ए-एल असलेले 'प्रिन्सिपल' म्हणजे मुख्याध्यापक, पी-एल-ई असलेले म्हणजे तत्त्व. वही-कागदाच्या 'स्टेशनरी'त एन्व्हलपचा ई असतो. ए घातला की ती जागच्या जागी उभी राहते. 'अफेक्ट' म्हणजे परिणाम करणे, 'इफेक्ट' म्हणजे झालेला परिणाम. नोकरीच्या अर्जात अशी एक चूकही निवडणाऱ्याच्या डोळ्यांत खुपते. ते न्याय्य असो वा नसो, मुलांना ते आधीच सांगून ठेवणे शहाणपणाचे.

आणि चूक सांगायची तर चारचौघांत सांगू नये. माणूस बोलत असताना मध्येच तोडू नये. आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, त्याला उत्तर द्यावे, मग एकांतात शब्द सांगावा. हा नियम कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही, पण तो मोडला तर समोरचा माणूस बोलायचाच थांबतो. मग शुद्ध वा अशुद्ध, काहीच कानी पडत नाही.

गुरुग्रामच्या त्या घरात मुलगी एक दिवस गृहपाठासाठी शब्दकोश चाळत असते. 'प्रीपोन' तिच्या नजरेस पडतो. ती थोडा वेळ त्या ओळीकडे पाहत राहते. मग स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणते, "आई, तुझा शब्द आहे गं यात. माझंच चुकलं."

आई पोळी उलटते. "असू दे. पण मग मला एक सांग, गणिताबद्दल बाईंना विचारायचंय, तर 'डाऊट' म्हणू की 'क्वेश्चन'?"

"क्वेश्चन म्हण," मुलगी सांगते. "आणि तूच विचार. मी येते तुझ्याबरोबर."

पुढच्या पालकसभेत आई पहिल्या बाकावर बसलेली असते.